दोन्ही एक्स काटणारा इंजिनिअर

नववीचं एखादं पोर अंश-छेदातला एक्स सरसकट खोडताना दिसलं, की आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये मला पाहायला आलेला इंजिनिअर आठवतो. माझ्या शिकवणीच्या फळ्यावर एक्स वर्ग अधिक तीन, भागिले एक्स वर्ग, असं उदाहरण होतं. त्यानं पोहे चघळतच दोन्ही एक्स वर्ग काटले आणि ऐटीत म्हणाला, "तीन!" "बेरजेतलं पद असं कटत नाही. एक्सच्या जागी दोन ठेवून पाहा," मी म्हटलं. "जिंदगीत हे कुठं काम येते?" तो माझ्या बाबांकडे पाहून हसला. पुढे त्याच्या घरच्यांचा होकार आला, पण शिकवणी सोडायच्या अटीवर. मी नाही म्हटलं. "कावून?" बाबांनी विचारलं. "त्याले येत नाही ते चालते, पन मले येते ते बंद करून राहिला." बाबांनी तिथंच नकाराचा फोन लावला. आज त्याचा रागही येत नाही. तेवढी त्याची लायकीच नव्हती.