मधलं घर

अडकित्त्यात सुपारी कडकन फुटली, की मला मिरजगावकडची एक ओसरी आठवते. दुष्काळाचं साल होतं आणि मी दरवर्षी घरोघर उत्पन्न विचारत हिंडणारा सर्वेक्षणवाला. आदल्या साली आमच्या हिशेबात उत्पन्नाने गावात बरोबर मधोमध आलेलं ते घर. ओसरीवर मुलीकडचे पाहुणे होते, सोयरीक ठरत आलेली, सुपारी अडकित्त्यात धरून फक्त दाबायची बाकी. मी मात्र दारातूनच घरधन्याला, म्हणजे मुलाच्या बापाला, ओरडून विचारलं, "काका, यंदा उत्पन्न गेल्या सालापेक्षा कमीच ना?" अडकित्ता थांबला. मुलीच्या बापाने गुळाचा चहा खाली ठेवला. सावरायला म्हणून मी आणखी शहाणपणा केला, "पाहुणे, घाबरू नका, निम्मं गाव यांच्याहून गरीब आहे!" "आन् उरल्यालं निम्मं?" मुलीच्या बापाने विचारलं. "श्रीमंत," मी खरं बोलून गेलो. आतल्या बांगड्याही वाजायच्या थांबल्या. मग मुलीचा बापच म्हणाला, "वरच्या घरात लेकीला टोमणं, खालच्या घरात उपास. मधलंच बरं. फोडा सुपारी! आन् ह्या सायबाला च्या द्या, तोंड तरी गुतून ऱ्हाईल." अडकित्ता वाजला आणि मी चहाला तोंड लावलं. आजही तो आवाज कानावर पडला, की मी आधी तोंड मिटतो.