चपला बाहेर

मी शिरूरच्या ज्या शाळेत शिकवायचे, तिथं एक शिपाईमामा होते. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली कायम त्यांच्या करगोट्याला असायची. शाळेत कॉम्प्युटर एकच, आणि त्याला त्यांनी बायकोच्या जुन्या साडीचं कव्हर शिवून आणलं होतं. कुणी आत निघालं की मामा दारात आडवे उभे राहायचे. "चपला भायेर. धूळ गेली की मशीन मरतंय." हेडसरांनाही सूट नव्हती. सँडलचे पट्टे सोडताना मी रोज वैतागायचे.

सातवीची सहल पुण्याला कॉम्प्युटरचं म्युझियम बघायला गेली, तेव्हा मामा सोबत होते. दालनाच्या दारातच त्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. तिथला माणूस हसला. "असू द्या हो, इथलं सगळं बंद पडलेलंच आहे."

पुढं काचेमागं हुबेहूब आमचाच कॉम्प्युटर ठेवलेला होता. मुलं ओरडली, "मामा, आपला तर म्युझियममधलाय!"

"आपला चालू हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी मुलांबरोबर हसले.

दुसऱ्या दिवशी मुलं चपलांसकट खोलीत घुसली. मामा बाजूला उभे राहून बघत होते. मी मुकाट्यानं पट्टा सोडायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले. मग स्वतःच्या चपला दाराबाहेर काढून ते आत गेले आणि त्यांनी कव्हर उचललं.