साडूभाऊंची नजर आणि आक्कांचे मोती

जालना जिल्ह्यात बोटात, नाकात आणि कानात मिळून जेवढे म्हणून खरे खडे आहेत, त्या सगळ्यांशी आमच्या थोरल्या साडूंची घरोब्याची ओळख आहे. ते खडे ज्यांच्या अंगावर आहेत त्या माणसांची नावं मात्र त्यांना आठवतीलच असं नाही. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर राहतात. मागे एकदा सकाळी सातला त्यांचा फोन आला, "पाव्हणे, वाटूरच्या पाचूला अटॅक आल्ता म्हणे. चला, जल्दी पाहून येऊ." पाचूला अटॅक कसा येतो याचा विचार करत मी स्कूटर काढली. दवाखान्यात पोचल्यावर उलगडा झाला. वाटूरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगठीत जुना, सुरेख पाचू होता आणि साडूंच्या लेखी तेच त्या गृहस्थाचं नाव होतं. गंमत म्हणजे त्या आजोबांनाही यात काही वावगं वाटलं नाही. साडू दिसताच त्यांनी नाकातल्या नळीसकट मान वळवली आणि आधी अंगठीचं बोट पुढं केलं. साडूंनी पाचू पाहिला, "बराबर हाये," म्हणाले, आणि मग खुर्ची ओढून तासभर आजोबांचे पाय चेपत बसले.

माझी त्यांची पहिली भेट माझ्या लग्नाच्या बोलणीत झाली. बैठकीत दोन्हीकडची वडीलधारी मंडळी तोलूनमापून बोलत होती. एवढ्यात साडूंचं लक्ष माझ्या आईच्या कानातल्या मोत्याच्या कुड्यांकडे गेलं. त्यांनी अत्यंत अदबीनं एक कुडी मागून घेतली. आईला वाटलं, घडणावळ बघायची असेल. साडूंनी ती उजेडात धरली, फिरवली आणि सरळ तोंडात घालून पुढच्या दातांवर घासली. खरा मोती दाताला किंचित किरकिरतो, नकली गुळगुळीत सरकतो, हे शास्त्र मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. त्या वेळी मात्र आई घाबरून माझ्या मावशीला म्हणाली, "अगं बाई, हे काय करून राह्यलेत?" साडूंनी कुडी धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसून परत केली आणि सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "घर चांगलं हाये. पोरगी द्यायला हरकत न्हाई." माझं लग्न आईच्या कुडीवर ठरलं असं माझी बायको अजून सांगते, आणि मला ते खोडून काढता येत नाही.

त्यांचा स्वतःचा संग्रह एका मसाल्याच्या डब्यात असतो. सात वाट्यांचा पितळी डबा. मोहरीच्या वाटीत गोमेद, जिऱ्याच्या वाटीत लसण्या, हळदीच्या वाटीत अर्थातच पुष्कराज. त्यात राजेरजवाड्यांचं काही नाही. जुन्या बाजारातून, मोडीत निघालेल्या दागिन्यांतून एकेक करून जमवलेले बारीक खडे आहेत, आणि शहागडला गोदावरीच्या पात्रात उन्हातान्हात फिरून वेचलेल्या अकीकाच्या गोट्या आहेत. वाळूत दिसलेली प्रत्येक गोटी ते आधी चाटून बघतात, कारण ओला झाल्याशिवाय दगडाचा रंग खुलत नाही. हायवेवरचे ट्रकवाले थांबून या धोतर नेसलेल्या, दगड चाटणाऱ्या माणसाकडे बघत असतात आणि हे त्यांना बोलावून एखादी गोटी चाटायला देतात. डबा उघडण्याची वेळ ठरलेली, सकाळी नऊ ते अकरा, उत्तरेच्या खिडकीत. ट्यूबलाइटखाली खडा बघणाऱ्या माणसाशी ते फार संबंध ठेवत नाहीत. किंमत विचारणाऱ्याशी मुळीच नाही. आणि ग्रहांचं नाव काढलंत तर चहासुद्धा मिळणार नाही. एक गृहस्थ साडेसातीवर नीलम कोणता घालू म्हणून विचारायला आले होते. साडू म्हणाले, "साडेसाती तुमच्या मागं लागली. त्या बिचाऱ्या नीलमनं काय गुन्हा केला?"

पण हा माणूस नुसता लहरी असता तर लोकांनी त्याला मानलं नसतं. त्यांची नजर खरोखरच अचाट होती. शहागडच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या गर्दीत नवरीच्या नथीतलं माणिक निखळून पडलं. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, कुंकवात रंगवलेल्या. मांडवभर लाल दाण्यांचा सडा, आणि त्यात हा एक लाल खडा. शेदोनशे माणसं खाली वाकली, नवरीची आई रडायला लागली. साडू खुर्चीवर चढून ओरडले, "कोणी बिलकुल हलू नका! लाइट बंद करा!" मांडवातले दिवे विझवून ते जमिनीवर पालथे झोपले आणि बॅटरी गालाशी आडवी धरून हळूहळू फिरवली. ज्वारीवर पडलेला उजेड तिथंच मुरतो, माणिक मात्र उजेड परत फेकतं. सातव्या की आठव्या रांगेत एका जाडजूड पाहुण्याच्या चपलेशेजारी ठिणगीसारखं काही चमकलं. त्या दिवसापासून साडूंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला. ते म्हणतील तो हिरवा, ते म्हणतील तो निळा.

इथंच सगळा घोटाळा झाला, असं आता वाटतं.

आक्कांकडे मोत्यांचा एक दोन पदरी सर आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी साडूंनी हैदराबादला जाऊन, एकेक मोती दातावर घासून, दोन दिवस दुकानदाराचा जीव खाऊन तो आणला होता. आक्का तशा नटणाऱ्यातल्या नव्हेत, पण सणावारी तो सर घातला की त्यांची मान जराशी उंच व्हायची. सहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सकाळी आम्ही जेवायला गेलो होतो. आक्का पुरणाचा स्वयंपाक आटोपून, सर घालून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. साडूंनी त्यांना खिडकीपाशी बोलावलं, भिंग लावून बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"पिवळे पडले," ते म्हणाले.

मोत्याचं फार नाजूक असतं म्हणतात. तेल लागलं, अत्तर लागलं, फोडणीचा धूर बसला की तो पिवळा पडतो. सगळा साजशृंगार झाल्यावर शेवटी घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी उतरवायचा, हा त्यांचा नेम. आक्का म्हणाल्या, "पस्तीस वर्षं तुम्ही सांगितलं तसंच करते मी." साडूंनी आक्कांच्या गळ्यातलाच सर चिमटीत धरून आमच्यापुढे केला. "पाव्हणे, तुम्हीच बघा." मी बघितलं. मला ते पांढरेशुभ्र दिसले. पण मांडवभर लाल ज्वारीतून माणिक काढणाऱ्या माणसापुढे माझ्यासारख्यानं काय बोलायचं? मी म्हणालो, "हो, म्हणजे... कडेकडेनं जरासे." माझ्या बायकोनं पण बघितलं आणि म्हणाली, "दाजी म्हणतात तसे वाटतात खरे." शेजारच्या काकू आल्या, त्यांना तर चांगलेच पिवळे दिसले. आक्कांनी सर उतरवला, मलमलच्या कपड्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. दोन वर्षांनी त्यांच्या लेकीचं लग्न झालं. त्या लग्नातही त्यांनी तो घातला नाही. व्याह्यांकडच्या बायकांसमोर पिवळे मोती कसे घालायचे, म्हणाल्या.

त्यानंतर साडूंचं जगाशीच बिनसत गेलं. हल्लीचे नीलम काळपट येतात म्हणायचे. पाचूत पूर्वीचं पाणी राहिलं नाही म्हणायचे. फक्त पुष्कराज दिवसेंदिवस सुधारत चालला होता. घराला चुना मारायला आलेल्या माणसाशी तर त्यांनी कमालच केली. पांढरा सांगितला असताना पिवळसर लावला म्हणून त्याला तीच भिंत तीनदा रंगवायला लावली. तिसऱ्या वेळी तो बिचारा ब्रश खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, याच्यापेक्षा पांढरं जगात न्हाई." साडू म्हणाले, "जगाचं सोड." मीही त्या वेळी भिंतीकडे बघून मान डोलावली होती.

शेवटी मागच्या वर्षी ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय चुकून पडले, तेव्हा लेकीनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही जुना. ऑपरेशन करा म्हटल्यावर या माणसानं जी घाबरगुंडी उडवून घेतली ती बघवत नव्हती. खाणं सोडलं, डबा उघडणं सोडलं. मी समजावायला गेलो तर म्हणाले, "पाव्हणे, चित्रकलेच्या मास्तरला कोण इचारतं हो? लोक ह्या डोळ्याला इचारतात. ह्याच्यात सुरी गेली आन् काही कमीजास्त झालं, तर मी कोण?"  आक्का स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापताच म्हणाल्या, "तुम्ही माझे मालक. चला उद्या." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच रिक्षात बसवून घेऊन गेल्या.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर साडू उत्तरेच्या खिडकीत उभे. हातानं एक डोळा झाकत होते, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. समोर डबा उघडा. "पाव्हणे, हा नीलम बघा! काय निळा हाये हो! आन् ह्या डोळ्यानं बघितला तर काळा. आन् ही भिंत..." भिंतीपाशी ते थांबले. बराच वेळ एकेक डोळा झाकून तिच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, तो सर आण बरं."

"कशाला आता?" आक्का म्हणाल्या.

"आण."

आक्कांनी मलमलची पुरचुंडी आणून दिली. साडूंनी सर खिडकीत धरला. जुन्या डोळ्यानं बघितला, नव्या डोळ्यानं बघितला, पुन्हा जुन्या.  माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पाव्हणे, खरं सांगा. त्या दसऱ्याला तुम्हाला हे कसे दिसले होते?"

मी म्हणालो, "पांढरे."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"तुम्ही पिवळे म्हणालात म्हणून."

इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटलेली नाही. साडू आक्कांकडे वळले. "आन् तुला?"

आक्का पदराशी चाळा करत उभ्या होत्या. "मी काढून बघायची की मधूनमधून, तुम्ही बाहेर गेले की. मला पांढरेच दिसायचे. मंग वाटलं, माझेच डोळे गेले. उगाच तुम्हाला खर्चा नको म्हणून बोलले न्हाई." आणि मग हसून म्हणाल्या, "म्हणजे माझे चांगले हायेत तर."

साडू हसले नाहीत. ते तिथंच खाली बसले आणि सर मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले. ऑपरेशनचा डोळा, रडायचं नाही, म्हणून आक्का ओरडत होत्या आणि स्वतःही रडत होत्या. "लेकीच्या लग्नात..." एवढंच साडू म्हणाले.  त्या लग्नाचा मोठा फोटो त्यांच्या बैठकीत आहे. आक्का त्यात लेकीशेजारी उभ्या आहेत आणि गळ्यात नुसती पोत आहे. तो फोटो आता काही बदलता येत नाही. त्यात माझाही वाटा आहे, हे तिथं बसलो की मला दरवेळी आठवतं.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि साडू पुन्हा पहिल्यासारखे फिरायला लागले. आक्का आता तो सर रोज घालतात, साडूच घालायला लावतात. फोडणी देताना, भाकऱ्या करताना, भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा. पिवळे पडतील हो, असं मी एकदा म्हणून बघितलं. "पडू द्या," म्हणाले. लोक अजूनही खडे घेऊन येतात, कोणी अंगठी, कोणी आजीची नथ. साडू खिडकीपाशी जातात, भिंग काढतात, पण लावत नाहीत. आत हाक मारतात, "अगं, जरा बाहेर ये. हा बघ बरं, तुला कसा दिसतो?" चाळीस वर्षांत असं कोणी आक्कांना विचारलं नव्हतं. त्या पिठाचे हात धुतात, पदराला पुसतात, खडा घेऊन खिडकीत उभ्या राहतात आणि अगदी सावकाश, वेळ लावून बघतात. त्या सांगेपर्यंत साडू एक अक्षर बोलत नाहीत.