आटलेले मोजे

दर मंगळवारी दहा वाजता इथे फिनलंडात आमच्या चर्चच्या तळमजल्यावर इर्याची तान्ह्यांची मंडळी जमते. दाराशी बुटांचा ढीग, आत सगळे लोकरी मोज्यांवर. इर्या सत्तरीची. जन्मभर शिवणकामाच्या कारखान्यात होती, कापड चिमटीत धरून त्याची कुंडली सांगते. निवृत्त झाल्यावर तिला हे वेड लागलं. चादरीवर बर्च झाडाची साल, ओलं शेवाळ, परातीत राय धान्याचं पीठ, थंड केलेली ओटची पेज मांडायची आणि बाळांना त्यात सोडून द्यायचं. आयांनी ‘शी शी’ म्हणायचं नाही, एवढा एकच नियम. मी नातीला घेऊन जाते आणि कुणी बघत नसलं की स्वतःच पिठात हात घालते.

त्या दिवशी मात्र इर्या फुरंगटलेली होती. तिच्या नवऱ्यानं, वेइक्कोनं, मदत म्हणून कपडे धुतले आणि त्यात इर्याच्या आईनं विणलेले मोजे मशीनमध्ये साठ अंशांवर फिरवले. लोकर आटून त्यांचा जाड, घट्ट नमदा झाला. लोकर गरम पाण्यात घालू नये हे फिनलंडात शेंबड्या पोरालाही कळतं.

“आईच्या हातचं एवढंच उरलं होतं गं,” इर्या म्हणाली आणि बोटभर झालेले मोजे पिशवीतून काढून मांडीवर ठेवले. चार दिवस घरात अबोला होता. दोघं आपापली कॉफी करून पीत होती.

तेवढ्यात मिर्का आली, नऊ महिन्यांच्या ओक्कोला घेऊन. तिचा हा तिसरा मंगळवार. ओक्को कशालाच हात लावत नसे. शेवाळ दिसलं की मुठी आवळायचा, पेज लागली की भोकाड पसरायचा.

“शुक्रवारी याची तपासणी आहे,” मिर्का म्हणाली. “नर्सला काय सांगू? माझंच काही चुकलं असणार.”

“अगं, मला वेइक्कोशी दोन शब्द बोलायला वर्ष लागलं होतं. याचा तर तिसराच मंगळवार!” इर्या म्हणाली.

मिर्का हसली, पण तिचे डोळे भरले होते. ओक्को चादरीच्या कडेला मुठी आवळून बसला होता. बसल्या बसल्या तो इर्याच्या मांडीकडे बघू लागला. मग एक मूठ उघडली. त्यानं मोजा धरला, चोळला, गालाला लावला, तोंडात घातला. दुसरा मोजा पिठाच्या परातीत पडला, तर त्यासाठी हा गडी कोपरापर्यंत पिठात गेला. मिर्काचा जीव भांड्यात पडला. मला तर रडूच आलं.

निघताना तो मोजे सोडेना. ते इर्याच्या आईनं विणलेत, हे मी मिर्काच्या कानात सांगितलं.

“सोड रे, इर्याच्या आईची आठवण आहे ती,” मिर्का त्याची बोटं सोडवत म्हणाली.

इर्यानं ते घेतले, चिमटीत धरून पाहिले. मग तिनं मोजे झटकले आणि ओक्कोच्या पायांत चढवले. अगदी मापात बसले.

इर्या आणि मी शेजारणी, घरी बरोबरच गेलो. वेइक्को त्यांच्या घराच्या पायरीवर उभा होता.

“मोजे कुठायत? ओढून ताणून लांब होतात का बघतो.”

“राहू दे. ज्याला बसले त्याला दिले.”

“आणि राग?”

“आहे अजून. कॉफी टाक.” ती बूट काढत म्हणाली, “दोघांची.”