पटाच्या काठावरची टक

शहापूर आणि मुरबाड यांच्यातला बुद्धिबळाचा सामना दरवर्षी पितृपंधरवड्यातल्या रविवारी होतो. कारण अगदी साधं आहे. त्या दिवसांत लग्न नाही, मुंज नाही, कुणाच्या घराची वास्तुशांत नाही. माणसं मोकळी सापडतात. घरच्या बायका म्हणतात, पितरांना जेवायला घालायचं सोडून हे लाकडाशी खेळत बसतात. म्हणोत बापड्या. जिंकेल त्या गावाकडे वर्षभर सरांचा सागवानी पट आणि मोहरे राहतात, आणि गेली कित्येक वर्षं तो पट शहापूरबाहेर गेला नव्हता.

सर म्हणजे आमच्या शहापूरच्या बुद्धिबळ मंडळाचे गुरू. पट त्यांनी स्वतः रंधा मारून केलेला, मोहरेही त्यांच्याच हातचे. काळ्या घोड्याचा कान एकदा तुटला, तो त्यांनी डिंकाने चिकटवला, तो पुन्हा पडला, मग तसाच राहिला. शिकवताना सर बोलायचे नाहीत. चुकीच्या मोहऱ्याकडे आपला हात निघाला की पटाच्या काठावर नखाने टक करायचे. हात मागे घ्यायचा, दुसरी चाल शोधायची. टक आली नाही तर खुशाल खेळायचं. मंडळातले आम्ही सगळे असेच तयार झालो. मुरबाडवाले याला हसायचे. ‘तुमचं सगळं कानावर चालतं,’ म्हणायचे. मला भयंकर राग यायचा.

यंदा वैशाखात सर गेले. सामन्याच्या आदल्या आठवड्यात काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला घरी बोलावलं. पट ओटीवर नेहमीच्या जागी होता.

“यंदा हरू नको हां,” त्या म्हणाल्या. “पट गेला तर ते पण जातील.”

“कोण काकू?”

“दुपारची मी जरा आडवी झाले ना, की पट वाजतो. टक. एकदाच. मग मला झोप लागते.”

हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, तडकतं, असं काहीतरी मी बोललो. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते तुला ठाऊक. तू हरू नको, बस.” मी नाही हरणार म्हणालो.

सामना नेहमीप्रमाणे सरांच्याच ओटीवर झाला. बाकीचे डाव संपले तेव्हा दोन्ही गावं बरोबरीत होती आणि फक्त आमचा डाव उरला होता. समोर मुरबाडचा माझा जुना वैरी, एसटी डेपोतला मेकॅनिक. विशीपासून आम्ही एकमेकांचं डोकं खातोय. हा एकट्याने शिकलेला, कुणाचा शिष्य नव्हे. चाल करण्याआधी प्रत्येक घर बोट न लावता डोळ्यांनी मोजतो आणि तेवढा वेळ बडीशेप चघळतो. तो आवाज मला सहन होत नाही.

माहुलीच्या डोंगरावरून ढग पार खाली आले होते. भर दुपारी ओटी अंधारली आणि तेवढ्यात लाइट गेली. काकू आतल्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सरांची खुर्ची पटाच्या बाजूला रिकामी ठेवलेली होती. पहिलं वर्ष ती तशी ठेवायची, ही आमच्याकडची रीत.

मी उंटाकडे हात नेला, आणि टक.

मी वैऱ्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात काखेत होते. मी पट पुन्हा पाहिला, तर उंट हलला की वजीर गेला असता. खुर्चीकडे मान वळवायची माझी हिंमत झाली नाही. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा आनंद मोठा होता. सर होते!

त्यानंतर तीन-चारदा तेच झालं. माझा हात निघायचा, काठ वाजायचा, हात मागे यायचा.

“लाकूड वाजतंय रे तुमचं,” वैरी म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

“पावसाळी हवा,” मी म्हणालो.

डाव लांबला. माझ्याकडे हत्ती राहिला, त्याच्याकडे तो कानतुटका घोडा, आणि थोडी प्यादी. पारडं माझं जड होतं. मात्र टक आता उशिरा येऊ लागली होती, बोट मोहऱ्याला जवळजवळ लागल्यावर. आवाजही बारीक झाला होता. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला फक्त जिंकायचं होतं.

त्याचं एक प्यादं उघडं पडलं. मी हत्तीकडे हात नेला आणि थांबलो. आत सुपाचा आवाज बंद झाला. काकू काहीतरी पुटपुटल्या, मला शब्द कळले नाहीत. मी कान देऊन बसलो. काठ गप्प होता.

“खेळ ना रे, का राखण करतोस हत्तीची?” वैरी म्हणाला.

टक नाही म्हणजे चाल बरोबर. मी प्यादं मारलं. त्याने बडीशेप चघळायची थांबवली, घोडा उचलला आणि राजाला शह दिला. त्याच घोड्याच्या तोंडी माझा हत्ती होता. राजा हलवला, हत्ती गेला, पुढे डावात काही राहिलं नाही.

वैऱ्याने मोहरे एकेक करून धोतराच्या जुन्या फडक्यात बांधले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जिंकला, पण एक टोमणा मारला नाही. निघताना पट काखेत धरून हळूच म्हणाला, “सर तुझ्याकडून खेळत व्हते आज. मी आयकत व्हतो. घाबरलो, पण उठलो नाय.”

तो किन्हवलीच्या रस्त्याला लागला. मी आत गेलो. काकूंसमोर उभं राहताना मला रडू आवरेना. म्हणालो, “काकू, शेवटी टक आलीच नाही हो.”

“येणार नव्हती,” काकू म्हणाल्या. “मीच बोलले त्यांना. आवाज आयकलास ना तू? किती दमले होते. एवढ्या मोठ्या माणसाला तू दुपारभर पळवत होतास, आणि मी रोज झोपेसाठी. म्हटलं, पुरे आता. आमी बघू आमचं.”

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

दसरा झाला, दिवाळी झाली. मी अधूनमधून जातो, ओटीवर चहा घेतो. पटाच्या जागी काकूंनी पापडांचा डबा ठेवलाय. दुपारी झोप लागते का, हे मात्र मी त्यांना अजून विचारलेलं नाही.