दोन किलोमीटरवरची देवराई

मंचरच्या आमच्या जिममध्ये ट्रेडमिलवर रोज सकाळी माझ्या आधी एका गृहस्थांचा नंबर असतो. मूळचे वर डोंगरातल्या आहुप्याचे, नोकरीसाठी खाली आलेले. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या, म्हणून बिचारे जिममध्येच पळतात. समोरच्या टीव्हीकडे बघत नाहीत. डोळे अर्धवट मिटून गावाकडची वाट धरतात. "वढा संपला, आता चढण," असं पुटपुटत मशीनचा चढ वाढवतात.

दोन किलोमीटर झाले की मशीन थांबवून बूट काढतात आणि मग अनवाणी, सावकाश चालतात. माझा खोळंबा होतो म्हणून एकदा वैतागून विचारलं.

"हितं आमची देवराई लागती, राव," ते म्हणाले. "तिच्यातनं पायताण घालून कसं जायचं? लई नाय, पाचच मिनटं."

मी हसलो होतो.

गेल्या आठवड्यात ते गावी गेले, म्हणून मशीन मला आधी मिळालं. मजेत पळत होतो. आकडा दोनवर आला आणि माझा हात बटणाकडे गेला. मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या.

मागं थांबलेल्या माणसानं घड्याळ बघितलं.

"पाचच मिनिटं, राव," मी म्हणालो.