देव्हाऱ्यातलं बुक

मला वाचाया कुणी शिकवलं म्हून इचारता, तर साळंनं न्हाय. विजयमाला वैनीनं. माझ्या जोतीरामदादाची बायकू, बारामतीची. बत्तीस-तेहतीस साल असंल. आमच्या निमगावात सून म्हून आली ती ट्रंकेत येक जाडजूड बुक घिऊन, लाल फडक्यात बांधलेलं.

लाल फडक्यात पोथी बांधत्यात. आमच्या आयनं, ठमाबाईनं, बघितलं, हळदकुंकू वाहिलं आन बुक सरळ देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. "सून पोथी घिऊन आली गं बया!" म्हणत आळीभर सांगून आली. वैनीची बोबडीच वळली. ते व्हतं गोष्टीचं बुक! त्यातली पोरगी जाचाला कटाळून येकटीच माहेरी निघती. नव्या सुनंनं असलं वाचलेलं कुणाला खपायचं?

मंग वैनीनं काय करावं? दिवा लागला की हातपाय धुऊन बसायची आन ते बुक पोथीच्या चालीवर गाऊन वाचायची! शेवट जवळ आला की परत पयल्या पानावर. शेवटाला ती पोरगी सासरला कायमचा रामराम ठोकती, ते सासूपुढं कसं वाचणार? आय आपली हात जोडून ऐकायची. मी शेजारी बसून अक्षरांवर बोट फिरवायची. वैनी कानात म्हणली, "रतन, कुणाला सांगू नगंस हां, ही पोथी न्हाय." मी हसून हसून लोळले.

बारा वर्साची व्हते मी. त्या पोरीनं मला झपाटलं. बाईमाणसाला "न्हाय" म्हणता येतं, हे मला तितं कळलं. पुढं नवऱ्याला तोंडावर न्हाय म्हणले, ते त्या बुकाच्या जिवावर. मार खाल्ला, पर म्हणायची थांबले न्हाय.

वरसाभरानं वैनीला म्हस्कू झाला. भित धरून चालाया लागला आन त्याला मुदतीचा ताप आला. वैद्याचं औषिद लागू पडंना. दादा गाडी जुंपून बारामतीस्नं डाक्टर आणाया गेला. आय म्हणली, "सूनबाई, पोथीचं पारायण लाव. लेकरू उठंल."

वैनी पांढरीफटक पडली. पोराच्या जिवावर बेतलं असताना खोटं कसं चालवायचं? तिनं आयचं पाय धरलं. "आत्याबाई, ती पोथी न्हाय वो. गोष्टीचं बुक हाय. शेजारनं खरी पोथी मागवा."

आय पोराच्या कपाळावर पट्टी ठेवत व्हती. "ठावं हाय मला. पोथीतल्या बाया सासऱ्याला उलट बोलत्यात व्हय? पयल्याच आठवड्यात वळखलं. गोडी लागली म्हून गप बसले. वाच तू. पोराला तुझ्याच आवाजानं झोप लागती."

वैनी वाचाया लागली. म्हस्कूनं तिच्या मांडीवरच जीव सोडला, तरी ती वाचतच व्हती. आयनं बुक हातातनं काढून घेतलं. दादा डाक्टरला घिऊन दुसऱ्या दिशी पोचला.

वैनी रडली न्हाय. वांगी तोडायची, भाकरी थापायची, इचारलं तर बोलायची. ते बुक परत तिनं उघडलं न्हाय. मलाबी रडू आलं न्हाय. आत काय हालतच नव्हतं. आय मातुर खचली. "खरी पोथी आणाया पायजे व्हती. माझ्या गोडीपायी पोर गेलं," म्हणत अन्नाला शिवंना. वैनी म्हणायची, "पोथी असती तरी गेलं असतं, आत्याबाई." पर आयला ते पटंना.

येक दिस वैनी बाजाराची वांगी निवडत बसली व्हती. आय तिच्याजवळ सरकली.

"सूनबाई, त्या बुकातली पोरगी शेवटाला माहेरी पोचली का गं?"

"पोचली."

"आन तिचं लेकरू?"

वैनीनं हातातलं वांगं खाली ठेवलं. "तेबी पोचलं, आत्याबाई. सुखरूप."

आयनं पदर तोंडाला लावला. त्या दिशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

त्या बुकात लेकरू नव्हतंच. आमा तिघींनाबी ते ठावं व्हतं.